एमिल फिला: प्रागच्या दालनातून लोउनीच्या टेकड्यांकडे

चेक चित्रकार एमिल फिला नीट समजून घ्यायचा तर प्राग पाहून भागत नाही, त्याने रंगवलेल्या टेकड्यांजवळच्या लोउनी या गावापर्यंत जावं लागतं. तरी सुरुवात प्रागमधूनच करावी. होलेशोविट्से भागातल्या वेलेतर्झनी पालात्समध्ये राष्ट्रीय कलादालनाचा आधुनिक संग्रह आहे. सोमवारी दालन बंद असतं आणि मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

‘दस्तयेव्हस्कीचा वाचक’ (१९०७) या चित्रासमोर मी सगळ्यांत जास्त थांबतो. पुस्तक बाजूला पडलंय आणि खुर्चीतल्या माणसाची मान मागे कलंडली आहे. १९०५ साली प्रागमध्ये नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याचं प्रदर्शन झालं, त्याचा ठसा इथे स्पष्ट दिसतो. हे चित्र काढताना फिला जेमतेम पंचविशीत होता. पुढे तो पिकासो आणि ब्राकच्या वाटेने, म्हणजे वस्तू तुकड्यांत मोडून मांडणाऱ्या घनवादाकडे गेला. या काळातली चित्रं घाईने बघितली तर सगळी सारखीच वाटतात. आधी एखादी वस्तू, म्हणजे पेला किंवा फळ, शोधून काढावी. मग तिच्या कडा कुठे तुटतात आणि मागच्या पृष्ठभागात कुठे मिसळतात ते पाहावं.

१ सप्टेंबर १९३९ रोजी त्याला अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंत तो बुखेनवाल्डच्या छळछावणीत होता. सुटल्यावर, साठी उलटलेली असताना, त्याने प्रागच्या उपयोजित कला महाविद्यालयात प्राध्यापकी स्वीकारली. मला त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

याच काळात तो पेरुत्सच्या वाड्यात राहून काम करू लागला. प्रागच्या वायव्येला असलेलं हे छोटं गाव बोहेमियाच्या ड्यूक ओल्ड्रझिखच्या दंतकथेशी जोडलेल्या जुन्या ओक वृक्षासाठी प्रसिद्ध आहे. वाडा आतून बघायला मिळेलच असं धरून जाऊ नये. मुक्काम लोउनीत करावा आणि तिथून राना (४५७ मीटर) व ओब्लिक (५०९ मीटर) या टेकड्यांकडे निघावं. या ज्वालामुखीच्या टेकड्या आहेत. पश्चिमेचे डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे हा भाग कोरडा राहतो. रानाचे उतार तर जवळजवळ उघडे आहेत, म्हणून तिची कड आकाशावर स्वच्छ उमटते. दुपारी मात्र ऊन डोक्यावर आलं की उतार सपाट भासतात. त्यासाठी सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हातच जावं.

फिलाने या टेकड्या चिनी गुंडाळीचित्रांसारख्या लांबट आडव्या पट्ट्यांवर, ओघवत्या काळ्या रेषांनी रंगवल्या. अशी चित्रं एका जागी उभं राहून दिसत नाहीत. डावीकडून उजवीकडे चालत गेलं की एक टेकडी सरते आणि पुढची समोर येते. पुस्तकात किंवा फोनवर ती पट्टी बोटभर उंचीची होते आणि रेषेची जाडी कळतच नाही. ती रेष कुठे दाबली, कुठे सोडली, यातच उताराचा चढ आहे. त्यामुळे यांपैकी एखादं चित्र प्रत्यक्ष पाहायला मिळालं, तर आधी एका टोकाला जवळ उभं राहून रेष बघावी आणि मगच मागे सरकावं.