ठसा दिसत नाही, मग मोजता काय?

नॅनोइंडेंटेशनचं, म्हणजे अगदी सूक्ष्म खाच पाडून पदार्थाचा कठीणपणा (हार्डनेस) मोजायचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: खाच डोळ्यांना दिसतच नाही, तर हार्डनेस मोजता कशावरून? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मोठ्या नमुन्यावर काम सोपं. विकर्स पद्धतीत हिऱ्याचं टोक ठरावीक भाराने दाबायचं, उचलायचं, मायक्रोस्कोपखाली ठशाचे कर्ण मोजायचे, झालं. पण ड्रिल बिटवरचा टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असतो दोन-तीन मायक्रॉनचा. तिथे असा ठसा उमटवला तर मोजमाप थराचं कमी आणि खालच्या स्टीलचंच जास्त. थराच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून खोल जायचं नाही, हा आमचा ढोबळ नियम. म्हणजे हाताशी उरतात दोन-तीनशे नॅनोमीटर.

म्हणून आम्ही ठसा बघत बसत नाही. टोक आत जाताना आणि बाहेर येताना बळ आणि खोली सतत नोंदवत राहतो. टोक बर्कोविच, तीन बाजूंचा पिरॅमिड. भार काढू लागताच आलेख किती तीव्र उतरतो, त्यावरून स्टिफनेस, म्हणजे स्पर्शाचा ताठपणा, मिळतो. आणि टोकाचा आकार ठाऊक असेल तर स्पर्शाचं क्षेत्रफळही काढता येतं; बळाला त्याने भागलं की हार्डनेस. ऑलिव्हर आणि फार (Pharr) यांची 1992 सालची ही रीत आजही सगळीकडे चालते. 200 नॅनोमीटर खोलीला हे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मायक्रॉन. फ्यूज्ड सिलिकावर, म्हणजे शुद्ध सिलिकाच्या काचेवर, तेवढं रुतायला सुमारे 9 मिलिन्यूटन पुरतात, एका ग्रॅमच्या वजनाहूनही कमी.

मेख आहे ती ‘आकार ठाऊक असेल तर’ यात. हिराही झिजतो, आणि नवंकोरं टोकसुद्धा शेंड्याला गोलसरच असतं. त्यामुळे आधी फ्यूज्ड सिलिकावर टोचून मोड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचं माप) आधीच ठाऊक असलेला 72 गिगापास्कल येतोय ना, हे बघायचं. कॅलिब्रेशन न दाखवता कोणी नुसते आकडे पुढे केले, तर मी तरी ते मनावर घेत नाही. शिवाय तापमान! प्रयोगशाळेची खोली जराशी तापली की यंत्राचे भाग प्रसरण पावतात आणि यंत्राला वाटतं टोकच आत गेलं. दार लावून थांबावं लागतं, बराच वेळ.

एवढं करूनही तांब्यावर उथळ टोचलं की हार्डनेस जास्त येतो, खोल गेलं की कमी. यंत्र बिघडलेलं नसतं. निक्स आणि गाओ यांनी 1998 मध्ये याचा हिशोब मांडला: खाच जितकी लहान, तितकी तिच्याखाली डिस्लोकेशन्सची, म्हणजे धातूतल्या अणूंच्या रांगांमधल्या दोषांची, दाटी जास्त. ती एकमेकांची वाट अडवतात आणि धातू सहजी वाकत नाही. ‘तुमचा आकडा हँडबुकशी जुळत नाही’ अशी तक्रार घेऊन कारखान्यातली मंडळी येतात, तेव्हा मी आधी हँडबुकातली चाचणी किती भाराची होती ते शोधायला लावतो.