शूटर गेममधली दडलेली गोष्ट

मराठवाड्यात गावोगावी वेशीजवळ, देवळामागे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे असतात. ते खालून वर वाचायचे: खाली मृत्यू, मध्ये लढाई किंवा स्वर्गाची वाट, वर शिवपूजा. क्रम चुकला की नुसता दगड उरतो. साय-फाय शूटर, म्हणजे विज्ञानकथेतल्या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममधल्या दडवलेल्या गोष्टींचंही तसंच आहे.

हेलो ही अशाच गेमची मालिका. तिच्यातल्या २००७ च्या हेलो ३ मध्ये ७ टर्मिनल, म्हणजे जुने मजकूर दाखवणारे पडदे, आहेत. ‘द आर्क’ आणि ‘द कव्हेनंट’ या मोहिमांत ३-३, शेवटचं ‘हेलो’ मोहिमेत. लायब्रेरियन आणि डायडॅक्ट या कथेतल्या दोन प्राचीन परग्रहवासीयांचा पत्रव्यवहार त्यात आहे. धावत गेलात तर हाती काहीच लागत नाही.

याच मालिकेतल्या २००९ च्या ओडीएसटीमध्ये ३० ऑडिओ लॉग, म्हणजे ऐकायचे ध्वनिमुद्रित तुकडे, आहेत. सेडी नावाच्या मुलीची कथा ओस पडलेल्या न्यू मोम्बासा शहराच्या रस्त्यांवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेली आहे, आणि मला तरी ही या जातीतली सगळ्यात सुंदर रचना वाटते. लॉग लावण्याआधी आसपासचे शत्रू संपवा, नाहीतर गोळीबारात संवाद बुडतात. व्हायझर, म्हणजे हेल्मेटमधली अंधारात दिसण्याची सोय, चालू ठेवा, कोपरे दिसतात.

मालिकेतल्याच रीचमधल्या १९ डेटा पॅडपैकी (दडवलेल्या नोंदींपैकी) ९ फक्त लेजंडरी या सगळ्यात कठीण पातळीवरच दिसतात. सोप्या पातळीवर शोधत बसाल तर वेळ वाया जाईल.

आणि उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून काही सापडलं की पुढचा चेकपॉइंट (जिथे खेळ आपोआप जतन होतो) येईपर्यंत खेळ सोडू नका. सापडलेल्याचा क्रमांक वहीत टिपा; ऐकताना क्रम जुळवायला तीच उपयोगी पडते.