तीन वर्षांचा व्हिसा, तीस वर्षांचं कर्ज

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार संध्याकाळ. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या कोणालाही विचारा, त्या संध्याकाळी आपण कुठे होतो ते तो बरोब्बर सांगेल. नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर फी, रविवारपासून लागू, एवढंच आधी कळलं, आणि 'नव्या' म्हणजे नक्की कोणाच्या हे कोणालाच माहीत नव्हतं. कंपन्यांचे वकील मेल पाठवत होते की बाहेर असाल तर ताबडतोब परत या, आत असाल तर देश सोडू नका. सुट्टीवर भारतात गेलेले लोक मिळेल त्या भावाने तिकिटं काढत होते. आणि आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका घराच्या ऑप्शन पिरियडमध्ये होतो.

टेक्सासमध्ये घराचा करार झाला की थोडी फी भरून काही दिवस मागून घेता येतात, त्या दिवसांत इन्स्पेक्शन करून घ्यायचं आणि नको वाटलं तर कारण न सांगता मोकळं व्हायचं. आमची मुदत सोमवारी संपत होती. नवरा म्हणाला सोडूया, फी गेली तर गेली. मी म्हटलं उद्यापर्यंत थांब. रात्रभर दोघंही फोन हातात घेऊन बसलो होतो, लेक आत झोपली होती आणि नव्या घरात तिला कुठली खोली हवी ते तिचं केव्हाच ठरलं होतं. शनिवारी खुलासा आला की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना आणि मुदतवाढीला ही फी नाही. आम्ही पुढे गेलो आणि ऑक्टोबरमध्ये किल्ली मिळाली.

तेव्हापासून घरचे, ओळखीचे, शाळेतल्या मैत्रिणी सगळे एकच विचारतात, ग्रीन कार्ड नसताना घर कसं काय घेतलं? तर घर घ्यायला ग्रीन कार्ड लागत नाही. केंद्राचा तसा कायदाच नाही. काही राज्यांनी ठरावीक देशांच्या लोकांवर बंधनं घातली आहेत, टेक्साससुद्धा त्यात आहे, १ सप्टेंबर २०२५ पासून चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया या देशांशी संबंधित खरेदीवर निर्बंध आले. भारत त्या यादीत नाही. आज नाही, असं म्हणावं लागतं, कारण इथे राहून एक सवय लागली आहे, प्रत्येक वाक्याच्या पुढे मनातल्या मनात 'आज' जोडायची.

खरी अडचण कर्जाची. सरकारी हमीचं एफएचए कर्ज साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर मिळायचं, ते २५ मे २०२५ पासून आमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना बंद झालं. माझ्या ऑफिसातला एक मुलगा त्याच भरवशावर घर बघत होता, त्याचं सगळंच थांबलं. आमचं कन्व्हेन्शनल होतं, म्हणजे सरकारी हमी नसलेलं, दहा टक्के भरून, आणि वीस टक्क्यांच्या आत असल्यामुळे वर पीएमआयचा, म्हणजे कर्ज बुडालं तर सावकाराला भरपाई देणारा, विमा आलाच. कागदावर नियम चांगला आहे, कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला नागरिकाच्याच अटींवर कर्ज द्यायचं. पण प्रत्येक सावकाराचे आपले वेगळे नियम असतात. एकाने सांगितलं की तुमच्या व्हिसाची मुदत वर्षाच्या आत संपते, जमणार नाही. मुदतवाढीचा अर्ज गेलेला आहे हे सांगितलं तर म्हणे मंजुरी आली की या. दुसऱ्याने पासपोर्ट, आय-७९७ हा व्हिसा मंजुरीचा कागद, पगाराच्या स्लिपा, दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न घेतले, आणि क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या सह्यांच्या, तोंडावर परत एकदा माझ्या कंपनीला विचारलं, ही बाई अजून तुमच्याकडेच आहे ना?

इथे माझं डोकं फिरतं ते सांगते, मग पुढे जाऊ. नोकरी गेली तर मला साठ दिवस. साठ दिवसांत नवी कंपनी शोधायची, तिने अर्ज भरायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. घरात मुलगी शाळेत जाते, वर्षभराची फुटबॉलची फी भरलेली असते, त्याचं कोणाला काही नाही. व्हिसा तीन-तीन वर्षांचा, एकूण सहा, पुढे ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहिलं तर वाढत राहतो. आणि ती रांग? एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश गोव्याएवढा असो की भारताएवढा. २०२५ वर्षभर ईबी-२ मधली, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डच्या एका वर्गातली, भारतीयांची तारीख २०१२-१३ च्या आसपासच घुटमळत होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्यांचा नंबर तेव्हा कुठे. पण पगारातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के पहिल्या महिन्यापासून कापतात, मेडिकेअरचे १.४५ वेगळे. ते पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षांची कमाई लागते, आणि भारत-अमेरिकेत याबाबतचा करारच नाही, त्यामुळे सहा वर्षांनी परत गेलेल्या माणसाचे पैसे इथेच राहतात. कर घेताना मी कायमची आणि हक्क मागताना तात्पुरती, हे कुठलं गणित? बरं, हे बोलून दाखवलं की इथले आपलेच लोक म्हणतात, मग आलात कशाला. आले, काम आहे म्हणून आले, आणि ते काम चांगलं करते म्हणून कंपनी दर वेळी कागद भरते. याच्यात ओशाळं वाटण्यासारखं काही नाही.

पण मला खरं लागलं ते यातलं काहीच नाही. दिवाळीला फॅमिली ग्रुपवर घराचे फोटो टाकले. सगळ्यांनी अंगठे, फुलं, अभिनंदन पाठवलं. आणि दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या काकांच्या मुलाने, गोव्याहून लिहिलं, "अगो, आम्ही हांगा दिल्लीवाल्यांनी आसगाव घेतला म्हणून बोंब मारतो, आणि तू थंय तेच करतेस मगे?"

आसगाव हे उत्तर गोव्यातलं गाव, हांगा म्हणजे इथे, थंय म्हणजे तिथे. दादा तिरकं बोलणारा माणूस नाही. ग्रामसभेत उभा राहून टीसीपीच्या, म्हणजे गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या ३९ अ कलमावर बोलतो, डोंगर कापायला मशीन आली की पहिला फोन याचा. त्यामुळे मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि शेवटी पाठवलंच नाही. ते इथे लिहिते.

दादा, तू म्हणतोस ते अर्धं बरोबर आहे. मी इथे भायलीच, बाहेरचीच आहे. माझ्यासारखे हजारो लोक या भागात आले, घरांचे भाव चढले, आणि इथला जुना माणूस लांब गेला असेल तर त्यात आमचा वाटा आहे. पण आसगावच्या त्या बंगल्यांत आणि माझ्या घरात एक फरक आहे, तिथे वर्षातले अकरा महिने कुलूप असतं आणि स्विमिंग पूलला पाणी असतं. मी इथे राहते. घराच्या किमतीच्या साधारण दोन टक्के दर वर्षी प्रॉपर्टी टॅक्स भरते, पंचायतीची घरपट्टी भरतो तसं नाही, हप्त्याच्या जोडीला दुसरा हप्ता म्हण, आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा शाळांना जातो. माझ्या लेकीच्या वर्गातल्या सगळ्यांच्या शाळेला. मत मला नाही, तरी टॅक्स आहे. शेतजमिनीला हात लावलेला नाही, डोंगर कापलेला नाही, तीस वर्षं जुनं घर आहे, आधीचे म्हातारे नवरा-बायको मुलाजवळ राहायला गेले म्हणून विकलं.

त्या दोघांनी आमच्यासाठी काय ठेवलं होतं माहीत आहे? गॅरेजच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला हाताने लिहिलेला कागद. कुठला ब्रेकर कशाचा, मागच्या झाडाची पानं कधी गळतात, शेजारच्या आजोबांना ऐकू कमी येतं त्यामुळे बेल दोनदा वाजवा, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलेलं, ऑगस्टमध्ये फाउंडेशनला पाणी घाला. नावगाव, व्हिसा, कातडीचा रंग, काही न बघता. विकून झालेल्या घराची एवढी काळजी कोण करतं?

हे फाउंडेशनला पाणी मला आधी कळलंच नव्हतं. इथली माती चिकण, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा काँक्रीटचा स्लॅब घेऊन हलते. मग भिंतीला दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते, दारं अडकायला लागतात. म्हणून घराच्या सगळ्या बाजूंनी, भिंतीपासून हातभर लांब, भोकं पाडलेला काळा पाइप टाकतात आणि कडक उन्हाळ्यात थोडं थोडं पाणी सोडतात. आमच्या ऑक्टोबरमध्येही ऊन होतं, मी पाइप सरळ करत होते आणि आई व्हिडिओ कॉलवर होती. म्हणाली, झाड कुठे आहे गं तिथे? म्हटलं झाड नाही आई, घराला घालतेय. ती गप्पच झाली. चिऱ्याच्या घरात जन्म गेला तिचा, पावसात चार महिने भिजूनसुद्धा जागचं न हललेलं घर. "मग असलं घर घेतलंस कशाला?" एवढंच म्हणाली. तिला सांगितलं, इन्स्पेक्टरने लेव्हल लावून सगळ्या खोल्या मोजल्या, घर ठीक आहे. तिचं समाधान झालेलं नाही.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान वाटला, आणि तो मी लपवणार नाही. कर्ज माझ्या एकटीच्या नावावर आहे, तरी क्लोजिंगला नवऱ्याच्या सह्या लागल्या. टायटल कंपनीची, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीची, बाई आम्हाला समजावायला लागली की टेक्सासमध्ये लग्नानंतरची कमाई दोघांची, हे स्पॅनिश कायद्यातून आलेलं आहे, आणि राहतं घर एकाला परस्पर गहाण ठेवता येत नाही. तिला वाटलं आम्हाला हे नवीन. मी म्हटलं, मॅडम, आम्ही गोव्याचे. आमच्याकडे पोर्तुगीजांचा १८६७ चा सिव्हिल कोड १८७० पासून आहे, लग्नानंतरचंच काय, वेगळा करार केला नसेल तर लग्नाआधीचंसुद्धा दोघांचं होतं, आणि मुलीला मुलाएवढाच वाटा. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारत राहिली. पुण्या-मुंबईच्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्यांनाही खरं वाटत नाही.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजू दादाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इथे माझं टायटल महिन्याभरात झालं, काउंटीत नोंद झाली, घरबसल्या ऑनलाइन दिसतं. साखळीजवळच्या आमच्या गावच्या घराच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या सातबारावर, अजून आजोबांचं नाव आहे. आजोबा गेले, काका गेले, बाबा गेले, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालीच नाही. प्रत्येक वारस, वारसाचा नवरा किंवा बायको, सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि आम्ही म्हापशापासून टेक्सासपर्यंत पसरलेले. गणेश चवथीला पाच दिवस दार उघडतं, गणपतीवर फळांची माटोळी बांधतात, नंतर परत कुलूप. मागच्या पडवीची कौलं सरकली आहेत, वाशाला वाळवी आहे, दुरुस्तीला कोणी पैसे घालायचे यावर दर चवथीला बोलणं होतं. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. त्यात दिल्लीवाल्यांचे बंगले होते तशी आमच्यासारख्यांची घरंही होती. हे आसगावला जाऊन ओरडताना आपण कोणी बोलत नाही.

आणि ऐक, मी एनआरआय, मला फेमा या परकीय चलन कायद्याखाली गावात शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही, वारसाने आली तर तेवढीच. टेक्सासमध्ये परकी असून घर घेतलं, आणि जिथे जन्मले तिथे शेजारचं कुळागर, सुपारी-नारळाची बाग, उद्या विकायला निघालं तर बघत बसायचं. नियम चुकीचा आहे असं नाही म्हणत, आमच्यासारख्या डॉलरवाल्यांना मोकळं सोडलं तर भातशेती उरणारच नाही, हे मला कळतं. तरी पोटात दुखतं.

नोकरी गेली तर काय, हे विचारणाऱ्यांसाठी. व्हिसा गेला म्हणून घर जात नाही, मालकी तशीच राहते, हप्ता मात्र भरत राहावा लागतो. सहा महिन्यांचे हप्ते आणि टॅक्स वेगळे काढून ठेवले आहेत. या भागात असल्या घराला येणारं भाडं हप्त्याच्या जवळपास जातं, थोडे पैसे खिशातून घालावे लागतील, तेवढी तयारी आहे. एजन्सीकडे देऊन भाड्याने लावायचं आणि जमेल तेव्हा विकायचं. हे गणित जमत नसतं तर घेतलं नसतं. भाड्याच्या घरात आम्ही दर वर्षी वाढलेलं भाडं भरत होतो आणि दर वर्षी लेकीची शाळा बदलेल का ही धास्ती होती. ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर ती कॉलेजात गेलेली असेल.

दादा, इन्व्हेंटरीचं तू मनावर घेतलं आहेस हे आईकडून कळलं. वकिलाने मसुदा पाठवला की माझं आणि नवऱ्याचं, दोघांचंही मुखत्यारपत्र करते, त्याची सही लागणारच. इथे नोटरी करून ऑस्टिनहून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, घ्यावं लागतं, तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प लावून घे. मसुद्यात पडवीच्या दुरुस्तीचा अधिकार वेगळा लिहून घे, म्हणजे कोर्टाचा निकाल लागेपर्यंत वाशे तसेच राहायला नकोत. कौलांचा खर्च काय येतो तो विचारून ठेव, माझा वाटा मी मेच्या आत पाठवते.