ग्रह उडवला, गुन्हा कोणता?

मालवणच्या धक्क्यावर आज पोरांचा वाद रंगला होता. विषय ‘स्टार वॉर्स’ सिनेमातला अल्डरान, साम्राज्याने उडवून दिलेला ग्रह. एक जण तावातावाने म्हणाला, “अख्खो ग्रह उडयलो, मगे ह्यो वंशसंहार नाय तर काय?”

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण मृतांचा आकडा हा वंशसंहाराचा निकषच नाही.

1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशसंहारविरोधी कराराचं कलम 2 वाचा. राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट, तो गट आहे म्हणूनच, पूर्ण वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू लागतो. 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात सुमारे 8,000 पुरुष आणि मुलगे मारले गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो वंशसंहार ठरवला.

अल्डरान उडवण्याचा हुकूम देणाऱ्या, साम्राज्याच्या टार्किनला हवा होता बंडखोरांच्या तळाचा पत्ता, आणि दहशत. डँटूइन हा दुसरा ग्रह फार आडबाजूला, म्हणून अल्डरान निवडला. बचावाचा वकील इथेच बोट ठेवेल: गट संपवायचा नव्हता, धाक दाखवायचा होता. हे मान्य झालं तरी मानवतेविरुद्धचा गुन्हा उरतोच, त्याला हा खास हेतू लागत नाही.

मला मात्र हा बचाव पटत नाही. कृत्यामागचं कारण आणि गट नष्ट करण्याचा हेतू या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. धाक बसावा म्हणूनच अख्खं राष्ट्र पुसायचं ठरवलं, तर हेतू आहेच की! ग्रहाबाहेर असलेले काही जण वाचले, यानेही सुटका नाही. करारात ‘अंशतः’ आहे.

आता ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतले बोर्ग, म्हणजे अर्धे यंत्र असलेले परग्रहवासी घ्या. ते माणसांना जिवंत ठेवून स्वतःत सामावून घेतात, संस्कृती मात्र संपते. करारातून सांस्कृतिक संहार वगळलेला आहे. मग बोर्गवर आरोपपत्र कसं लिहाल?