केमोतला ताप सकाळपर्यंत थांबत नाही

दादाला एएमएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, निघाला तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही, केमो कधी, केमो किती, केमोने केस जाणार का. पण माझं आता ठाम मत झालंय की केमो डॉक्टर बघतात, घरच्यांची खरी कसोटी त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत असते, काउंट पडतात, म्हणजे रक्तातल्या पेशी कमी होतात, तेव्हा.

न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की साधं इन्फेक्शनही जीवावर बेतू शकतं, आणि बाहेरून कळतही नाही, पू नाही, धड खोकला नाही, कारण पू व्हायला ज्या पेशी लागतात त्याच संपलेल्या असतात. दिसतो तो फक्त ताप. त्यामुळे १००.४ दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी गाडी काढायची, आणि इमर्जन्सीत शिरल्या शिरल्या "केमोचा पेशंट आहे, ताप आलाय" हेच आधी सांगायचं, म्हणजे ब्लड कल्चर घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. वहिनीने हेच वाक्य जाड मार्करने फाईलच्या कव्हरवर लिहून ठेवलंय, सोबत थर्मामीटर रबरबँडने बांधलेला. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका प्लीज, ताप उतरतो पण इन्फेक्शन आत वाढतच राहतं.

तोंड येतं तेही फार वाईट. दादाला थुंकी गिळवत नव्हती, मग मीठ-सोड्याच्या गुळण्या, लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि गार केलेला गुरगुट्या भात, तिखट बंदच.

आणि प्लेटलेट. १०,००० च्या खाली गेले की रक्तस्राव नसला तरी बहुतेक वेळा चढवतात, आणि त्या ५ दिवसच टिकतात म्हणून आधीपासून साठा करून ठेवता येत नाही, डोनरच तयार ठेवावे लागतात. एसडीपीला, म्हणजे एकाच डोनरकडून मशीनने प्लेटलेट काढतात त्याला, डोनर तास-दीड तास मशीनला असतो, प्लेटलेट काढून बाकीचं रक्त त्याला परत जातं, त्याने ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. मी सख्खा भाऊ, ग्रुपही तोच, तरी डॉक्टरांनी माझ्या नको म्हणून सांगितलं, कारण पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं तर डोनर मीच असू शकतो, आणि माझ्या रक्ताची दादाच्या शरीराला आधीच ओळख झाली तर ते माझा मॅरो नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणून भावंडांच्या भरवशावर राहू नका, ऑफिस, सोसायटी, गणपती मंडळ, जिथून मिळतील तिथून डोनरची नावं केमो सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवा.