अडवणं आणि जिरवणं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी अमळनेरला माहेरी पोचले, की आई आधी माझ्या वेणीचं टोक बोटांत धरून बघते. "केरसुणी झालीय नुसती," असं दरवर्षी म्हणते. मग चहा, मग जळगावच्या घरची चौकशी, आणि ऊन उतरलं की ओट्यावर तेलाची वाटी येते. एरवी आई आमच्याशी शाळेतल्या बाईंसारखं मराठी बोलते, पण वाटी हातात आली की तिची अहिराणी सुटते. "बठ व माय, तेल लाई देस."

यंदा माझ्या शेजारी भाचीही बसली होती. ती पुण्याला शिकते आणि केसांबद्दल तिला बरंच कळतं. स्नानगृहात तिच्या सात बाटल्या होत्या. मी मोजल्या, कारण माझा साबण ठेवायला जागा उरली नव्हती. आईची बोटं माझ्या टाळूवर फिरत असताना ती म्हणाली, "आत्या, तेलाने केसांना ओलावा मिळत नाही. असलेला ओलावा उडून जात नाही, एवढंच."

"आम्ही कधी म्हटलं मिळतो?" आई म्हणाली. "आम्ही तेल लावतो."

पण मला ते लागलं. कारण गेल्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी कोरड्या केसांना तेल चोपडून, वरून स्कार्फ गुंडाळून स्कूटरने कामाला जात होते. जळगावचा मे महिना, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला, आणि रस्त्याची धूळ. महिनाभरात माझे केस एकाच वेळी तेलकट आणि कोरडे झाले. असं होऊ शकतं यावर माझा तोवर विश्वास नव्हता. मी तेल बदललं, मग वाढवलं. पाणी कमी पडतंय हे डोक्यातच आलं नाही. डोक्यावर मात्र रोज दिसत होतं.

तेलात पाणी नसतं, आणि ओलावा म्हणजे पाणी. इतकं सोपं आहे ते. आईने दुसऱ्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी कणिक भिजवली, तेव्हा मी परातीसमोर बसून पाहत होते. पाण्याचा हबका, मग तिंबणं, परत हबका, परत आपटणं. कणिक इतकी सैल झाली की उचलली की हातावरून लोंबायला लागली. शेवटी तिने तेलाचा हात फिरवला आणि वर ओलं फडकं टाकलं. तो तेलाचा हात कणिक भिजवत नाही, वरची साय धरू देत नाही. नुसत्या पिठावर तेल ओतत बसलं तर भुसभुशीत रवाळ काहीतरी होईल, पोळी होणार नाही. मी गेला उन्हाळाभर डोक्यावर हेच करत होते.

केसाला पाण्याचं वेड मात्र भारी. नखासारखाच तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला, मुळापासून वर आला की मेलेला, आणि तरी हवेतल्या दमटपणाची खबर त्याला आपल्या आधी लागते. जिनिव्हाच्या सोस्युर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाचा केस ताणून त्यावर आर्द्रता मोजायचं यंत्र बनवलं होतं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, काटा सरकतो. लांबीतला हा फरक दोनेक टक्क्यांचाच असतो, पण यंत्राला तेवढा पुरतो. पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पिऊन घेतो आणि चांगला फुगतो. मे महिन्यातल्या आमच्या दुपारी हा काटा कुठे जाऊन बसला असता, ते सांगायला यंत्र नको.

भाचीच्या एका बाटलीत ग्लिसरीन होतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणे. घेतंही. मुंबईत घेत असेल. खानदेशात मे महिन्यात आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

मराठीत या सगळ्यासाठी आधीपासून दोन क्रियापदं आहेत, आणि ती केसांसाठी नव्हे तर दुष्काळासाठी आपण पाठ केलीत. पाणी अडवा, पाणी जिरवा. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असायचं. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून त्यांवर बंधारे घातले, पाणी भुईत मुरवलं, तो शिरपूर पॅटर्न आम्ही अभिमानाने सांगतो. अडवणं वेगळं आणि जिरवणं वेगळं, हे आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तेलाबाबत मात्र आपण सरसकट "तेल जिरवलं" म्हणून मोकळे होतो. (तिसरीही एक जिरवणी असते. ती भाचीने माझी केली.)

बहुतेक तेलं अडवणारीच. केसाच्या बाहेरच्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बारीक पदर असतात, त्यांच्यावर तेलाचा पातळ थर बसतो आणि आतलं पाणी लवकर सुटत नाही. केसावर केस घासतही नाही. आपण बोटांनी चाचपून "मऊ झाले" म्हणतो ते बरंचसं हे घसरणं असतं, त्यात पाण्याचा हात फारसा नसतो.

खोबरेलाचं प्रकरण निराळं आहे, आणि इथे भाचीचं वाक्य अपुरं पडलं. २००३ साली मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल केसांवर तपासलं. धुताना, विंचरताना केसातलं प्रथिन झिजून जातं, ती झीज या तिघांपैकी फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी केली. आता मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले. खोबरेल विकणाऱ्यांनी खोबरेलाला पहिला नंबर दिला, हे डोक्यात ठेवूनच मी वाचलं. पण त्यामागचं कारण पटतं. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल असतं, त्याच्या रेणूची साखळी आखूड आणि सरळ, त्यामुळे ते खवल्यांच्या आत शिरतं. सूर्यफुलाच्या तेलातली साखळी लांब आणि वाकडी, ती बाहेरच अडते.

आणि गंमत पुढेच आहे. आत जिरलेलं खोबरेल पाणी घेऊन जात नाही. उलट केसाला जास्त पाणी पिऊ देत नाही. न्हाताना केस फुगतो, वाळताना आक्रसतो, दर न्हाण्याला हे होत राहिलं की खवले उचकटतात. आत तेल असलं की फुगणं कमी होतं. म्हणजे कणकेला वरून लावलेला हात वेगळा आणि करंजीच्या पिठात घातलेलं मोहन वेगळं. मोहन पिठाला पाणी बेतानेच घेऊ देतं. आई न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल का लावायची, ते मला पन्नाशीत कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "रविवारी शाळा नसायची म्हणून."

आईचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. तेलाने केस दाट होतात हे ती अजून शपथेवर सांगेल. लहानपणी मला कोंडा झाला की ती वाटी दुप्पट भरायची. कोंड्याशी नातं असलेली बुरशी तेलातल्या आम्लांवरच पोसते. मी वर्षभर तिला जेवू घातलं.

खोबरेल काही आमच्या मातीतलं नव्हे. इकडे शेंगदाणा, तीळ, सरकी. जानेवारीत निळी बाटली पांढरी घट्ट व्हायची आणि आम्ही बहिणी तिला चुलीच्या राखेशेजारी उभी करून वाट बघायचो. कडेने पाघळून मधला गोळा सुटा फिरायला लागला की आई हाक मारायची. आणि मग, आत्ता आठवतं तसं, ती आधी तांब्यात हात बुडवायची. ओला हात केसांवरून फिरवायची, मगच तेल. विंचरायला सोपं जातं म्हणून, असं तिचं म्हणणं.

परवाही तिने तसंच केलं. भाची आधी "मला नको" म्हणाली होती. मग वाटीत उरलंय, फुकट कशाला घालवायचं, म्हणून माझ्या जागी येऊन बसली. आईने तांब्या जवळ ओढला. रात्री पाहिलं तर वहिनीने आमच्या दोघींच्या उशांना जुने अभ्रे घातले होते, मधोमध पिवळट डाग असलेले. नवे कपाटात, आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला.