रिकामा फुगा

स्वमग्न (ऑटिस्टिक) तरुणांना नोकरीत स्थिरावण्यास मदत करणे हे माझे काम. त्यांच्याविषयीच्या तक्रारी बहुधा कामाच्या नसतातच, त्या बोलण्याच्या किंवा न बोलण्याच्या असतात.

गेल्या महिन्यातली तक्रार एका रुग्णालयाच्या अभिलेख विभागातून आली. तिथे फाइली नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांप्रमाणे लावतात, म्हणजे ४८-२१-३७ ही फाइल ३७च्या कप्प्यात जाते, आणि कडेच्या रंगीत पट्ट्यांमुळे भलत्या जागी गेलेली फाइल ओळखता येते. इतर जण त्यासाठी कप्पा चाळतात. तिथे काम करणाऱ्या आमच्या तरुणाला चुकीचा रंग लांबूनच खटकतो. पर्यवेक्षक तपासणी पथकाला "आमच्याकडे फाइली चुकत नाहीत" असे सांगत असतानाच त्याने ७३च्या कप्प्यातून ३७ची फाइल उपसली आणि म्हणाला, "सर, ही चुकली आहे."

अशा वेळी मी अमेरिकी शिक्षिका कॅरोल ग्रे यांच्या चित्रसंवादाच्या पद्धतीने प्रसंग कागदावर काढते: काड्यांची माणसे, बोलण्याचा फुगा, विचारांचा फुगा. पर्यवेक्षकांच्या डोक्यावरच्या फुग्यात त्याने आधी लिहिले, "फाइल सापडली, बरे झाले." बऱ्याच प्रश्नोत्तरांनंतर ते खोडून त्याने लिहिले, "पाहुण्यांसमोर नको होते." अहवालात नोंदवण्याजोगी प्रगती झाली होती.

मग त्याने स्वतःच्या चित्रावर रिकामा फुगा काढला आणि कागद पर्यवेक्षकांपुढे सरकवला. वर्षानुवर्षे माणसे सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांनी क्षणभरही न थांबता लिहिले, "आज यांची जिरवतो."

"नाही सर," तो म्हणाला, "त्या फाइलीत पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद आहे. पेशंट रात्री आला असता तर ती मिळाली नसती."

स्वमग्न व्यक्तींना दुसऱ्याच्या मनातले ओळखणे जड जाते, हे १९८५ च्या बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाचा दाखला देऊन आम्हाला शिकवले गेले. ही अडचण दुतर्फा असते, असे स्वतः स्वमग्न असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, तरी प्रशिक्षणाला अजून एकाच बाजूला बसवले जाते.

चूक दिसल्यास चिठ्ठी लिहून सरांच्या टेबलावर ठेवायची, असे आता ठरले आहे आणि तो ते काटेकोरपणे पाळतो. सहकाऱ्यांसाठी मी तासाभराचे सत्र मागितले, तेव्हा मनुष्यबळ विभागाने वेळ नसल्याचे कळवले. पुढच्या तपासणीच्या दिवशी त्याला रजा देता येईल का, ही विचारणा मात्र त्याच पत्रात होती. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो, आणि तिथे काय लिहायचे हे तो मलाच विचारणार आहे.